दीप सायकल, १०० आह

मुक्ताबाई गेल्याचं सोनबाला कळलं ते एका रिक्षावाल्यानं केलेल्या फोनवरून, मंगळवारी दुपारी पावणेचारला. फोन मुक्ताबाईंचाच होता, आवाज दुसऱ्याचा. "काका, मावशी रामोशी गेटच्या स्टॉपवर पडल्या. मी दवाखान्यात आणलंय. पण..." एवढं बोलून तो थांबला. त्या 'पण'च्या पुढं काय असतं ते न कळायला सोनबा लहान नव्हता. सहासष्ट वर्षांचा होता. तरी त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा: "रामोशी गेटला? कुठल्या बसनं?"

तेहतीस वर्षं पीएमटीत कंडक्टरकी केलेला माणूस. बायको गेली म्हटल्यावर दुसरं काय विचारणार? पण तो प्रश्न घरच्यांनी ऐकला, आणि पुढं महिनाभर भावकीला पुरला.

दुसरा प्रश्न मात्र खरा होता. मुक्ताबाई त्या दुपारी घराजवळ, मांजरीतच असायला हव्या होत्या. दोन गल्ल्या सोडून बायडाबाईंच्या घरी दर मंगळवारी भजन असतं, तिकडं जाते म्हणून त्या जेवण उरकून निघाल्या होत्या. टाळसुद्धा पिशवीत घेतले होते. मग टाळ घेतलेली बाई नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, काय करत होती?

डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, कुठंही बंद पडलं असतं, घरी भाकरी थापतानाही. हे सोनबाला पाठ झालं. भेटायला येणाऱ्यांना तो हेच सांगायचा. पण भेटायला येणारे डॉक्टरांचं ऐकायला आलेले नसतात. एक चुलती म्हणाली, साडी बघायला गेली असंल. एक मेहुणा म्हणाला, लपून दुसऱ्या डॉक्टरकडं जात असंल. तिसऱ्यानं, जो लग्नानंतर आता पहिल्यांदाच त्या घरात आला होता, सांगितलं की बाईमाणसानं न सांगता घराबाहेर पडणं बरं नव्हं. सोनबा सतरंजीच्या टोकाला बसून होता. त्यानं हात केला आणि म्हणाला, "पुढं सरका. मागच्यांना जागा द्या."

दहाव्याला नदीवर गेले. पाणी दिसत नव्हतं, जलपर्णी होती. भात ठेवला, दर्भ ठेवले, गुरुजी मागं सरकायला वळले, आणि ते वळेपर्यंत कावळा येऊन भात खाऊनही गेला होता. घड्याळ लावलं असतं तर मिनिटसुद्धा भरलं नसतं. सगळ्यांची तयारी वेगळीच होती. मुलगी तनुजा 'आई, बाबांकडं मी बघेन' असं म्हणायला पुढं झाली होती. जावई समर्थ ऑफिसातून अर्धाच दिवस सुट्टी घेऊन आला होता, त्याला मात्र बरं वाटलं.

"समाधानानं गेली बघा," चुलती म्हणाली. "काही म्हंजी काही ऱ्हायलं नाही बाईचं."

"भाग्यवान," मेहुणा म्हणाला. "आमच्या आईच्या वेळी साडेचार तास उन्हात उभं केलं होतं. शेवटी जमिनीची वाटणी कबूल केली तेव्हा शिवला."

सगळे खूश झाले. एकटा सोनबा त्या कावळ्याकडं बघत राहिला. कारण एक गोष्ट राहिली होती, आणि ती त्याला पक्की माहीत होती. आता दोनच शक्यता होत्या. एक, कावळा उपाशी होता. दोन, मुक्ताबाईनं त्याच्याकडून काही होईल ही आशाच सोडली होती; आणि ज्याची आशा नाही ती इच्छा राहिली असं कसं म्हणायचं? सोनबाला दुसरी शक्यता जास्त पटली, आणि ती त्याला लागली.

राहिलेली गोष्ट होती बोट.

बायडाबाईंचा भाचा उजनीच्या पाण्यावर बोट चालवतो. हिवाळ्यात तिथं गुलाबी, लांब पायांचे रोहित पक्षी येतात. बोटीवर ताडपत्रीचं छत आहे, आत दोन गाद्या आहेत. संध्याकाळी पाण्यावर जायचं, पिठलं-भाकरी खायची, बोटीतच झोपायचं, आणि पहाटे डोळे उघडले की समोर पक्षी. बायडाबाई जाऊन आल्या आणि त्यांनी ते भजनात एवढ्या वेळा सांगितलं की देवसुद्धा कंटाळला असेल. मुक्ताबाईंनी ते धरूनच ठेवलं. आपण जाऊ या का, अहो?

सोनबाला बोटीचं वावडं नव्हतं. त्याला कशाचंच वावडं नव्हतं, फक्त उठून जायचा कंटाळा होता. ड्युटी होती तोवर ड्युटीचं कारण होतं. निवृत्त झाला आणि कारणांची टंचाई आली. तेवढ्यात डॉक्टरांनी दया केली. सोनबाचा झोपेत श्वास थांबतो असं निघालं, आणि त्याला रात्री नाकावर लावायचं एक मशीन मिळालं. डबा, डब्याला लांब नळी, नळीच्या टोकाला मुखवटा. विजेवर चालायचं, रात्रभर हवा मारायचं. मुक्ताबाई त्याला 'सोंड' म्हणायच्या. दहा वाजले की, "चला, गणपती बसवा." रात्री मुखवटा सरकला की कोपरानं ढोसायच्या, "सोंड वर घ्या."

आणि बोटीचा विषय निघाला की सोनबा विचारायचा, "बोटीत प्लग हाय का?"

"नाही म्हणतात."

"मग झालं."

पाच वर्षं हे असं चाललं होतं. कारण इतकं चांगलं होतं की त्याला दुसरं शोधावं लागलं नाही.

तेराव्यानंतर माणसं गेली आणि तनुजानं आईची पिशवी बापापुढं ठेवली. टाळ, चष्मा, गुडघ्याची गोळी, आणि रबर लावलेला तिकिटांचा गठ्ठा. तिकीट उतरेपर्यंत सांभाळायचं, हे सोनबानं लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा शिकवलं होतं. मुक्ताबाई उतरल्यावरही सांभाळायच्या.

"टाकून देऊ का, बाबा?"

"ठेव."

दुसरा एखादा असता तर त्यानं पत्रं वाचली असती. सोनबानं तिकिटं वाचली. तिकिटावर चढायचा थांबा, उतरायचा थांबा, तारीख, वेळ. सगळे मंगळवार. एक वारज्याचं, दोन बस बदलून, जाताना आणि येताना. चार नाना पेठेची. शेवटचं फक्त जायचं. येताना स्टॉपवर बस यायच्या आधीच... असो. येतानाचं तिकीट नव्हतं.

गठ्ठ्याच्या मधोमध चिठ्ठी होती. मुक्ताबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर गोल. तीन वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेलं.

बोट
दीप सायकल
१०० आह
सोंड ३० (पाण्याची डबी बंद ठेवून)
पंखा छोटा १५
मोबाईल १०
किटली – नाही म्हणाले
कंबर?

खाली बोटवाल्याचा फोन नंबर.

तनुजानं वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, तुम्ही ना, हे करायला हवं. तुम्हाला क्लोजर मिळेल."

"काय मिळंल?"

"क्लोजर. म्हणजे..."

"दुकान बंद करतात ते?"

"बाबा!"

समर्थनं चिठ्ठीचा फोटो काढला. त्याच्या मते हा पाच मिनिटांचा प्रश्न होता. ऑनलाइन एक पेटी मिळते, तिच्यावर सगळं चालतं, अगदी ड्रोनसुद्धा. परवा घरपोच. "आह म्हणजे काय ते कळत नाही पण," तो म्हणाला.

सोनबाला वाटत होतं की कळतंय. शंभर आह. मुक्ताबाईला टोमणा मारायचा असला की ती आवाज चढवत नसे, लिहून ठेवत असे. एकदा गॅसच्या पुस्तकावर लिहिलं होतं, 'सिलिंडर आला, नवरा उठला नाही.' हे तसलंच. नवऱ्यामुळं टाकलेले शंभर सुस्कारे. आकडा कमीच धरला होता म्हणायचा.

आणि दीप सायकल हे दुकान असणार. वारज्याचं तिकीट होतंच.

तो वारज्याला उतरला. मुक्ताबाई ज्या थांब्यावर उतरली त्याच थांब्यावर, मुद्दाम. मांजरीहून दीड तास लागला. मध्ये बदलताना जिना चढावा लागला. तिचे गुडघे. समोरच पाटी होती: दीप सायकल. आत सायकली टांगलेल्या आणि गल्ल्यावर एक सत्तरीचे गृहस्थ पेपर वाचत बसलेले. भिंतीवर हातानं लिहिलेलं होतं, 'हवा भरून मिळेल. फुकट सल्ला मिळणार नाही.' गल्ल्यावरच्या पाटीनुसार गृहस्थांचं नाव आप्पासाहेब होतं.

"सायकल कोणासाठी?" पेपरातून.

"सायकल नको."

"मग अगदी योग्य ठिकाणी आलात."

"मला शंभर आह पाहिजे."

आप्पासाहेबांनी पेपर खाली केला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्ही दुसरे."

"पहिलं कोण?"

"एक बाई. दिवाळीच्या आधी. ही चिठ्ठी बघू. हो, हीच, तेव्हा वरच्या तीनच ओळी होत्या. मला म्हणाल्या, दीप सायकल द्या. मी म्हटलं, बाई, दीप माझा मुलगा. तो परदेशात असतो. इथे असता तर फुकट दिला असता."

सोनबाला हसू आलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा, आणि ते एका अनोळखी म्हाताऱ्यापुढं, म्हणून त्यानं ते खोकून घालवलं.

"त्या पण हसल्या. मग मी त्यांना समजावून सांगितलं, जे आता तुम्हाला सांगतो, आणि तिसरं कोणी आलं तर पैसे घेईन. दीप नाही. डीप. डीप सायकल नावाची बॅटरी असते. सायकलीशी संबंध नाही. गाडीची बॅटरी एकदम जोर लावते आणि दमते. ही रात्रभर सावकाश पुरते. आणि आह नाही, ए एच. बॅटरीत किती भरलंय त्याचं माप. कोणीतरी मोबाईलवर इंग्रजीत लिहून पाठवलं असणार आणि बाईंनी वाचलं तसं लिहिलं. दीप, आह. नाना पेठेत रहीम म्हणून आहे, त्याच्याकडे जा म्हणालो. गेल्या का?"

"गेल्या. चारदा."

"बघा. माझी गिऱ्हाइकं एकदा सांगितलेलं एकदासुद्धा ऐकत नाहीत." आप्पासाहेब आता रंगात आले होते. "त्या स्टुलावर बसून पाणी प्यायल्या. मी विचारलं, बोटीवर कशाला हवी बॅटरी? म्हणाल्या, आमचे हे म्हणतात तिथं प्लग नाही. मी म्हटलं, कारणं सांगणारे दिसतात. तर म्हणाल्या, 'नाही हो, त्यांच्याकडं कारण एकच हाय. तेवढं काढलं की गडी मोकळा.' मी म्हटलं, बाई, एकच कारण असलेला नवरा मी अजून पाहिला नाही." ते थांबले. "ते तुम्हीच का?"

"हां."

"मग आपण का आलात? त्या का नाही आल्या?"

"वारल्या."

आप्पासाहेब उठले, गल्ल्यामागून स्टूल काढलं, सोनबापुढं ठेवलं आणि माठातून पाणी आणून दिलं. सोनबा बसला. स्टुलाचा एक पाय आखूड होता, ते डुगडुगत होतं.

"दुरुस्त करायचंय," आप्पासाहेब म्हणाले. "त्यांनी पण सांगितलं होतं."

नाना पेठेत रहीमचं दुकान शोधायला त्रास पडला नाही. दारातच बॅटऱ्यांची थप्पी होती आणि आत रहीम, पन्नाशीचा, एका हातात मीटर आणि दुसऱ्या हातात वडापाव. सोनबानं काही न बोलता चिठ्ठी पुढं केली.

"अरे, मांजरीच्या मावशींची!" रहीमनं वडापाव ठेवला. "काका, तुम्ही सोंडवाले का? बसा, बसा. मावशींना सांगा, मी रागावलोय. शुक्रवारी यायचं ठरलं होतं, मी माल मागवून ठेवला. दोन आठवडे होत आले. मला वाटलं, नवरा नाही म्हणाला."

"नवऱ्याला विचारलंच नाही."

"मग?"

"त्या मंगळवारी इथून गेली ना, तेव्हा स्टॉपवरच. हार्टफेल."

रहीम उभा होता तो बसला. तोंडातल्या तोंडात त्यानं इन्ना लिल्लाही म्हटलं. मग तो दाराकडं बघत राहिला. दारातून रामोशी गेटच्या दिशेचा रस्ता दिसत होता. "चालतच गेल्या होत्या," तो म्हणाला. "मी म्हटलं रिक्षा करून देतो. म्हणाल्या, कंडक्टरची बायको हाय मी, रिक्षानं गेले तर घरात घेणार नाहीत."

हे सोनबा कधी बोलला नव्हता. पण बोलला असता, हेही खरं होतं.

चहा आला. रहीमनं डोळे पुसले, बाहीनं नाक पुसलं आणि मग, बहुधा दुसरं काय करावं ते न सुचून, त्यानं दोन बॅटऱ्या काउंटरवर आणून ठेवल्या. एक काळी, मोठी. ती आणताना तो वाकला होता. दुसरी तिच्या निम्म्याहून लहान, आणि त्याच्या काखेत.

"काका, मावशींचा पेच हा होता. दोन्ही शंभर आह."

"एएच," सोनबा म्हणाला. ज्ञान ताजं होतं.

"मी चार मंगळवार सांगितलं, एएच, डीप. म्हणायच्या, दीपच बरं वाटतं. तर ही मोठी शिशाची. जुनी, खात्रीची. पण शंभरातले पन्नासच वापरायचे, त्याखाली नेली की लवकर मरते. वजन तीस किलो. ही छोटी लिथियमची. हिच्यातलं जवळजवळ सगळं वापरता येतं, वजन बारा किलो. तुमची सोंड, पाण्याची डबी बंद ठेवली तर, जास्तीत जास्त तीस वॅट. पंखा पंधरा. मोबाईल दहा, तोही दोनेक तास. रात्रभराचं काम दोघी करतात, आरामात. किटली मात्र मी काढून टाकली. किटली एकटी हजार वॅट ओढते. त्यावरून मावशी दोन मंगळवार भांडल्या."

"चहा लागतो तिला उठल्या उठल्या."

"त्यांना नाही. म्हणाल्या, 'ह्यांना चहा नाही मिळाला तर पक्ष्यांना शिव्या देतील.'"

सोनबानं चहाचा कप खाली ठेवला.

"मग काम दोघी करतात तर पेच कसला?"

"कंबर." रहीमनं चिठ्ठीतल्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "तुमच्या कमरेचा मणका सरकलाय ना? तीस किलो नावेत चढवायचं म्हटल्यावर तुम्ही म्हणणार, कंबर धरली, घरी चला. मावशी म्हणाल्या, एक कारण काढायला जायचं आणि दुसरं काखेत घेऊन यायचं, असं नको. छोटी महाग आहे, मी खोटं बोललो नाही. त्यावर तीन मंगळवार विचार चालला. मी म्हटलं, काकांना विचारून घ्या. शेवटच्या मंगळवारी आल्या, टाळ वाजवत आल्या काउंटरवर, आणि म्हणाल्या, 'हलकीच दे. विचारलं की चर्चा होती.'"

लहान बॅटरीवर चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर रहीमनं पेननं लिहिलं होतं: मांजरीच्या मावशी. शुक्रवार.

"ठेवून दिली होती," तो म्हणाला. "दोन गिऱ्हाइकं परत पाठवली."

रहीमनं सोंडेला लागणारी वायर जोडून दिली, पंख्याची वेगळी दिली, मोबाईलची वेगळी. मध्ये इन्व्हर्टर घालू नका, फुकट वीज खातो. आणि एक सांगितलं: "मावशी म्हणाल्या होत्या, आधी घरी रात्रभर चालवून बघणार. नाहीतर बोटीत गेल्यावर कारण काढतील."

सोनबा बॅटरी मांडीवर घेऊन बसमध्ये बसला. कंडक्टर मुलगी होती, तनुजाहून लहान, छातीवर पट्टी: अक्षता. तिनं पिशवीत डोकावून बघितलं.

"काका, बॅटरी चालत नाही गाडीत."

"लिथियमची हाय. ॲसिड न्हाई तिच्यात."

"ते मला नका शिकवू. पुढच्या स्टॉपला उतरा."

"मी कंडक्टर होतो पीएमटीत. तेहतीस वर्षं."

"मग तर माहीतच पाहिजे," अक्षता म्हणाली आणि बेल मारली.

सोनबानं आयुष्यात शेकडो माणसं याच आवाजात उतरवली होती. बॅटरीवाले, कोंबडीवाले, एकदा तर पिशवीत टिकटिकतं घड्याळ घेऊन जाणारा, बाँब समजून. आवाज इतका ओळखीचा होता की त्याला वाद घालता येईना. उतरला, आणि रिक्षा केली. बारा किलोची पिशवी घेऊन रिक्षात चढला तरी कंबर काही बोलली नाही.

घरी तनुजा आणि समर्थ आले होते. समर्थनं बॅटरी हातात घेऊन फिरवून बघितली, ब्रँड ओळखीचा नाही म्हणाला. मग त्यानं बोटीच्या सहलीसाठी ग्रुप काढायची तयारी दाखवली. मी येतो, तनुजा येते, हवं तर ऑफिसातले दोघे येतील, एकाकडे चांगला कॅमेरा आहे.

"नको," सोनबा म्हणाला.

"अहो पण बाबा, एकटे कसे..."

"जागा नाही. दोनच गाद्या हायत."

त्या रात्री त्यानं खोलीचं बटण बंद केलं, सोंड बॅटरीला जोडली, पंखा जोडला, मोबाईल लावला. पाण्याची डबी चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणं बंद. नाक थोडं कोरडं पडलं, एवढंच. कधीतरी मुखवटा सरकला आणि हवा डोळ्यांत जाऊ लागली. तो बराच वेळ तसाच पडून राहिला. कोपर येईना, तेव्हा सोंड आपणच वर घेतली.

सकाळी बॅटरीवरच्या आकड्यात चौऱ्याहत्तर टक्के शिल्लक होती. अजून दोन रात्री आल्या असत्या. पाच वर्षं टिकलेलं कारण, चांगलं, दणकट, डॉक्टरांच्या सहीचं, एका रात्रीत निकाली निघालं. काढणारी बाई सातवी शिकलेली होती आणि तिनं ते टाळ वाजवत काढलं होतं.

सोनबानं आंघोळ केली, फोटोला हार घातला आणि चिठ्ठीतला नंबर फिरवला.

बोटवाला गडी मोकळा होता. बायडाबाईंचं नाव सांगितलं तसा आणखी मोकळा झाला. "या की काका! पक्षी आल्यात. आत्ता लई हायत. गाद्या धुऊन ठिवल्यात. पिठलं करू का मासं?"

"पिठलं."

"झालं. प्लग नाय हं आपल्याकडं, आधीच सांगतो."

"बॅटरी हाय."

"मग काय प्रश्नच मिटला. कधी येताय? आणि किती जण?"

किती जण. तेहतीस वर्षं सोनबानं दिवसातून हजारदा हाच प्रश्न लोकांना विचारला होता. कुठं आणि किती. उत्तर द्यायला वेळ लावणारा माणूस त्याला खपायचा नाही. तोंडात काय हाय, किती ते सांगा, मागं लोक खोळंबलेत. लोक झटकन सांगायचे. दोन. एक फुल एक हाफ. एक.

"हॅलो? काका? किती माणसं?"

"सांगतो," सोनबा म्हणाला आणि फोन ठेवला.

वारज्याचे आप्पासाहेब बरोबर होते. एकच कारण असलेला नवरा नसतो.

त्या फोनला आता अडीच महिने झाले. दर महिन्याच्या एक तारखेला सोनबा बॅटरी पुरी भरतो. रहीमनं सांगितलं होतं, नुसती ठेवून दिली तर खराब होते. चिकटपट्टी त्यानं काढलेली नाही. एका मंगळवारी तो मांजरीहून दोन बस बदलून वारज्याला गेला आणि स्टुलाच्या आखूड पायाला लाकडाची चकती ठोकून आला. आप्पासाहेब म्हणाले, फुकट काम केलंत, आता सवय लावाल. भावकीत अजून बोललं जातं की बाई समाधानानं गेली, कावळा मिनिटात शिवला. सोनबा ऐकून घेतो.

बोटवाल्याचे दोन फोन येऊन गेले. उन्हाळा चढला की पक्षी जातात, तोवर या म्हणाला. किती जण ते त्याला सांगायचं राहिलं आहे.